मडक्याले हात लावशीन तं

बायजाबाईकडे रोट्या घ्यायला येणारी माणसं दोन प्रकारची. काही पिशवी पुढे करून गप्प उभी राहतात. बाकीची रोटी होईपर्यंत आपल्या घरचं सगळं सांगून मोकळी होतात. त्या संध्याकाळी आलेली बाई दुसऱ्या प्रकारातली होती, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सक्करदऱ्याच्या तलावामागे वस्ती आहे. तिथे गल्लीच्या तोंडाशी बायजाबाईची चूल. चुलीवर पालथं घातलेलं मोठं मडकं आणि खाली लाकडाचा जाळ. शेजारी परातीत गव्हाची कणीक, इतकी सैल की नवख्याला वाटावं पाणी जास्त झालं. बायजाबाई ती आपटून आपटून वठणीवर आणायची. मग एक गोळा उचलून या हातावरून त्या हातावर टाकत वाढवत न्यायची. मनगटं ओलांडून तो कोपरापर्यंत लोंबायला लागला की अलगद मडक्यावर पसरायची, आणि बघणाऱ्यानं पापणी लववेपर्यंत रोटी तयार. हीच लंबी रोटी. नागपुरात मटणाच्या रश्शाबरोबर ही नसली तर पाहुणे निमूट जेवून उठतात, पण घरी गेल्यावर बोलतात.

तर ती बाई म्हणाली, "आमी मागच्या रविवारी महालात गेलो होतो. एक पोरगी फिरवते तिथी, दीक्षा नावाची. काय सांगते बाई ते. पोहे खाऊ घातले, मूर्तीवाले दाखवले, साड्या विणनारे दाखवले. मंग मीच म्हनलं, लंबी रोटी नाही का दाखवत? तं म्हने, तिकडे मी कोनाले नेत नाही."

मडक्यावरची रोटी करपली. बायजाबाईच्या हातून रोटी करपणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. "ती माहीच पोरगी आहे" हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते, ते तिनं गिळले. रोट्यांची चवड घडी घालून बाईच्या पिशवीत दिली आणि जाळातलं लाकूड उगाच मागेपुढे करत बसली.

दीक्षा तिची एकुलती एक. इतिहासात एमए झालेली. नोकरीच्या अर्जांना उत्तरं येईनात तेव्हा तिनं स्वतःच हे काम काढलं. लोकांना घेऊन जुन्या नागपुरात चालायचं, खाऊ घालायचं, हातानं काम करणारी माणसं दाखवायची. सुरुवातीला गल्ली हसली. मग पेपरात फोटो आला, तेव्हा गल्लीनं तो फोटो बायजाबाईच्याही आधी पाहिला. तेव्हापासून बायजाबाई चुलीपाशी येईल त्याला ऐकवायची, "माही पोट्टी अख्खं नागपूर दाखवते." आणि त्या अख्ख्या नागपुरात आपली चूल नाही, हे तिला एका परक्या बाईकडून कळावं.

रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. रामाजी ई-रिक्षा चालवायचा. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर सोपा उपाय असे.

"विचार न तिले," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"हेच, का तू काहून नेत नाही."

"आन् तिनं सांगतलं तं?"

रामाजीनं ताट पुढे सरकवून अजून थोडा भात मागितला. 

बायजाबाईला खरं उत्तर आधीच ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. पोरगी शिकली, शुद्ध बोलायला लागली, पुण्या-मुंबईच्या लोकांत उठबस झाली. त्यांना घेऊन ती धुरानं काळ्या झालेल्या भिंतीपाशी कशी येणार? कणकेनं बरबटलेल्या बाईकडे बोट दाखवून "ही माझी आई" कसं म्हणणार? तिला आपली लाज वाटते. यात पोरीचा काही दोष नाही, हेही बायजाबाईनं स्वतःला समजावून पाहिलं. पण समजूत काही पटत नव्हती. 

रविवारी दीक्षा घराबाहेर पडली, तशी बायजाबाईनं पेटी उघडली. दीक्षाभूमीवर जायची पांढरी साडी काढून नेसली आणि रामाजीला हलवून उठवलं.

"महालात सोडून द्या मले. मी बी जातो तिच्यासंगं."

"कायले?"

"लोकं जातेत, त्याईले कोनी विचारते का कायले?"

रामाजीनं रिक्षा काढली. वाटेत एकदा म्हणाला, "फिराले जायाले इतकं नटा लागते का?" तेव्हा तिनं "तुमी समोर पाहा" असं उत्तर दिलं. थंडीचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग नुकते लागत होते. बायजाबाईचं लक्ष त्यात नव्हतं.

गांधीगेटपाशी दीक्षा सातआठ जणांच्या घोळक्यात उभी होती. कमानीकडे हात करून काहीतरी सांगत होती. रिक्षातून आई उतरताना पाहिली आणि तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. घरी काही बरंवाईट झालं की काय, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर आली. बायजाबाईनं ती भीती पाहिली आणि तिचा स्वतःला सोयीचा नव्हे, तर बोचेल तोच अर्थ लावला.

दीक्षा दोन पावलं पुढे आली. "ही माझी..."

"मी सक्करदऱ्याची," बायजाबाई मधेच बोलली. "ऐकलं का इथी फिरवतेत म्हनून, तं आली. चालते न बाई?"

आता कोणी म्हणेल, असं बोलायची गरज काय होती? गरज कसली, नुसती भीती होती. पोरीनं चारचौघांत "ही माझी ओळखीची" असं काही म्हटलं असतं तर ते ऐकण्यापेक्षा आपणच आधी परकं व्हावं, म्हणजे दुखणं कमी होईल, एवढंच तिला सुचलं. माणूस घाबरला की असाच शहाणपणा करतो.

दीक्षा तिच्याकडे बघत राहिली. मग मान फिरवून म्हणाली, "चालतं. या, मावशी."

मावशी!  पण तो शब्द तिनंच मागून घेतला होता, तक्रार कुणाकडे करणार? रामाजीनं डोक्याला हात लावला आणि तो घोळक्यामागून हळूहळू रिक्षा आणत राहिला.

घोळक्यात नाशिकहून बदली होऊन आलेलं एक जोडपं होतं, गार्गी आणि विक्रम. बाकीची कॉलेजातली पोरं-पोरी. बायजाबाई सगळ्यांच्या मागे चालायला लागली. या कमानीखालून ती हजारदा गेली असेल. लग्नाच्या बस्त्याला गेली, भांडी घ्यायला गेली, डोक्यावर ओझं घेऊन गेली. मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं. आज दीक्षा सांगत होती, हा जुन्या शहराचा दरवाजा, भोसल्यांच्या काळातला, याला जुम्मा दरवाजा म्हणायचे, रात्री तो बंद व्हायचा, उशिरा आलेल्याला सकाळपर्यंत बाहेर बसून राहावं लागायचं. बायजाबाईला लगेच बाहेर बसलेली बाई डोळ्यांपुढे दिसली, काखेत पोर आणि डोक्यावर गाठोडं. आपल्या पोरीला इतकं ठाऊक आहे. ती मागे उभी राहून अशी मान हलवत होती, की जसं काही हे सगळं तिनंच दीक्षाला पढवून पाठवलं होतं.

पुढे पोह्यांची गाडी. पोहेवाल्यानं पोह्यांवर चणे घातले आणि वरून लालभडक तर्री ओतली. विक्रमनं "थोडी जास्त द्या" असं शौर्य दाखवलं, आणि मग बराच वेळ त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. गार्गी त्याला हसता हसता स्वतःच खोकायला लागली. बायजाबाईनं प्लेट घेतली आणि कोवळ्या उन्हात उभं राहून पहिला घास खाल्ला. आपण बसलेलो नाही, आपल्यापुढे जाळ नाही, दुसऱ्या कुणीतरी केलेलं गरम गरम आपण आयतं खातोय, हे तिला इतकं नवं होतं की चव कळायला वेळच लागला. दीक्षा शेजारी येऊन हळूच म्हणाली, "तर्री घेतं का अजून?" ती एवढंच बोलली, तेही कुणाला ऐकू जाणार नाही असं. बायजाबाईनं नको म्हटलं आणि लगेच पस्तावली.

तिथून सगळे चितारओळीत गेले. मूर्तिकारांची ही जुनी गल्ली. वसंतपंचमी जवळ आलेली, म्हणून दारोदार सरस्वतीच्या मूर्ती वाळत होत्या. काहींना अजून हात नव्हते, काहींना वीणा नव्हती. मुकुंदभाऊ नावाचे मूर्तिकार ओट्यावर माती मळत बसले होते. दीक्षानं चप्पल काढली, बाही वर केली आणि कुणी न सांगता मातीचा गोळा हातात घेतला.

"हे माझे काका," ती लोकांना म्हणाली. "यांनी मला शिकवलं."

"शिकवलं कायचं, पिच्छा पुरवला पोट्टीनं," मुकुंदभाऊ म्हणाले. "पावसाळाभर रोज येऊन बसे. म्हने, मले हात लावू द्या. आमी म्हनलं, बाई, तुले लोकांले दाखवाचं आहे न, तं दाखव. तं म्हने, नाही काका, ज्या कामाले माहा हात लागला नाही तिथी मी कोनाले नेत नाही. माती चाळून चाळून हात फाटले हिचे."

लोक हसले. एका पोरीनं फोटो काढला. बायजाबाई मात्र गंभीर झाली. पावसाळाभर पोरीचे हात फाटलेले तिनं पाहिले होते, विचारलं तेव्हा "काही नाही वं माय" असं उत्तर मिळालं होतं. इथं येऊन माती मळायची, आणि घरी चुलीपाशी फिरकायचं नाही. मूर्तिवाला काका. पुढच्या चौकातली चिवडेवाली आजी. वाटेत सायकलवर भेटलेला कुणीतरी मामा. सगळ्या जगाशी नाती लावत चाललेली ही पोर, आणि आपण मावशी! बायजाबाईला राग आला. रागाबरोबर रडूही आलं, ते तिनं पदरानं नाक पुसण्याच्या निमित्तानं आवरलं.

शेवटचा मुक्काम इतवारीच्या अंगाला, एका विणकराच्या घरी. गोविंदाजी आणि त्यांची बायको, दोघं मिळून करवती काठाची साडी विणत. दीक्षा समजावत होती. काठ वेगळ्या धोट्यानं, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीनं, विणायचा, अंग वेगळ्या धोट्यानं, आणि दर फेरीला दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवायचे, तेव्हा ते करवतीच्या दातांसारखे दिसतात. बोलता बोलता ती चरख्याशी बसली आणि कांड्या भरायला लागली. सुताची कांडी तिच्या बोटांत सरसर भरत होती. गोविंदाजींची बायको ते कौतुकानं बघत होती, सून बघावी तशी.

गार्गी म्हणाली, "दीक्षा, एक विचारू? मी व्हिडिओत ती मडक्यावरची रोटी पाहिली होती. हातावर एवढी मोठी करतात ती. खरं म्हणजे तीच बघायची होती मला."

चरखा थांबला. "तिथं मी नेत नाही," दीक्षा म्हणाली.

"का? स्वच्छता वगैरेचा प्रश्न असतो का?" विक्रमनं विचारलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तर्रीनं त्याचं डोकं अजून ठिकाणावर नव्हतं इतकंच.

पण बायजाबाईचा संयम तिथं संपला. "कायची घान आहे तिथी?" ती मागून कडाडली. "रोज सारवते मानूस. पानी गाळून घेते. काहून नाही नेत तिथी, सांग न आता सगळ्याईले."

सगळे वळून बघायला लागले. सकाळपासून गप्प असलेल्या या पांढऱ्या साडीतल्या बाईला एकदम काय झालं, ते कुणालाच कळेना. दीक्षा चरख्यापासून उठली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"सांगते, मावशी," ती म्हणाली. मग लोकांकडे वळली, पण बोलली ते एकाच माणसाशी.

"ती रोटी माझी आई करते. तिच्यासारखी रोटी या शहरात कुणी करत नाही, हे मी तिची मुलगी म्हणून नाही सांगत. मी सहावीत होते. आई पाणी आणायला गेली होती, म्हणून मी परातीत हात घातला. वाटलं, ती येईपर्यंत एक तरी करून ठेवू. ती आली, तिनं माझे हात कणकेतून ओढून काढले. म्हणाली, पुन्हा या मडक्याले हात लावशीन तं माहं मेलं तोंड पाहाशीन."

 गोविंदाजींच्या बायकोनं नुसतं "अवं माय" म्हटलं.

"मी मोठी झाले," दीक्षा पुढे म्हणाली. "आमच्या घरी शपथ-नवस काही मानत नाहीत. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मला लहानपणापासून पाठ आहेत. पण ही तेविसावी आईनं घातली, ती काही माझ्याच्यानं मोडवत नाही. कितीदा मडक्यापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. हसू येतं, पण तिला काही झालं तर, हे मनातून जात नाही. आणि तिथं लोकांना घेऊन मी जाऊ कशी? बाकी सगळीकडे मी थोडं तरी काम केलंय. तिथं आई धुरात बसणार, आणि मी स्वच्छ हातांनी बाजूला उभी राहून माहिती सांगणार, बघा ही कशी करते. माझ्याच आईची अशी माहिती सांगू?"

 ती पुन्हा चरख्याशी बसली, पण कांडी काही भरली नाही.

बायजाबाई भिंतीला टेकली. तिला ते आठवतच नव्हतं. खूप आठवून पाहिलं तेव्हा कणकेत बुडालेले दोन लहान हात तेवढे आठवले. ते हात पाहून तिला दुसरेच हात दिसले होते, तिचे स्वतःचे. त्याच वयात तिच्या आईनं तिला परातीपाशी बसवलं होतं. आजच्या दिवस बस म्हणाली होती, आणि त्यानंतर तिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही. त्या भीतीनं तोंडातून जे निघालं ते निघालं. पोराला धाक घालायला माणूस काहीबाही बोलतो आणि चूल पेटवायच्या आत विसरतो. पोर मात्र ते वर्षानुवर्षं उशाशी घेऊन झोपते. लाज वाटते म्हणून नव्हे, आई मरेल म्हणून ही पोर चुलीपासून लांब राहिली होती. आणि आज सकाळी आपणच तिला चारचौघांत परकं केलं. बायजाबाईला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

गार्गी हळूच म्हणाली, "शपथ घालणाऱ्यानंच सोडायची असते ना? सुटली म्हणायचं असतं. तुमच्या आईंना सांगून बघा ना."

सगळ्यांना वाटलं हे किती सोपं आहे. बायजाबाईलाही वाटलं, एक शब्द तर बोलायचा. पण तो तिच्या तोंडातून निघेना. कारण शपथ रागात घातली असली तरी खोटी नव्हती. हे हात आपल्या मडक्याला लागू नयेत म्हणून तर तिनं जाळापुढे सगळा जन्म काढला होता. पोरीच्या हाताला एकदा ती कणीक लागली, तर उद्या नोकरी नाही, फिरायला येणारे नाहीत, अशा एखाद्या दिवशी पोरगीही म्हणेल, आजच्या दिवस बसते. त्या "आजच्या दिवस"ची बायजाबाईला अजून धास्ती होती.

 तिनं पदर खोचला आणि ती दाराकडे निघाली.

"चाला," ती सगळ्यांना म्हणाली. "बाहीर रिक्षा आहे. ज्याईले रोटी पाहाची आहे त्याईनं यावं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. दीक्षा मात्र कुणाकडेच न बघता उठली आणि तिच्या मागे चालायला लागली.

रामाजीच्या रिक्षात मावतील तेवढे बसले, उरलेले दुसऱ्या रिक्षात. वाटेत मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या आणि दोघी बाहेर बघत होत्या. रामाजी आरशातून दोघींना बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुठलाही उपाय न सुचवता रिक्षा हाकत होता.

बायजाबाईनं चूल पेटवली. पांढऱ्या साडीला राख लागली ते तिनं पाहिलंही नाही. कणीक भिजवली, आपटली, पुन्हा आपटली. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मडकं तापलं तशी तिनं दीक्षाला हाक मारली.

"इकडे ये. अंगठी काढ. घड्याळ काढ."

दीक्षा आली, पण परातीपासून हातभर अंतरावर थांबली. इतिहासात एमए झालेली ती पोर सहावीतल्या मुलीसारखी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती.

"माय, आधी म्हन," ती म्हणाली.

"म्हनतो. पन ऐकून घे," बायजाबाई म्हणाली. "हे तू शिक. लोकांले दाखवाले शिक, हौसेनं शिक. पोटासाठी मडक्यापाशी बसाचं नाही. उपाशी राहाची पाळी आली तरी नाही. हे कबूल असन तं म्हनतो."

"कबूल."

"सुटली."

दीक्षा हलली नाही.

"सुटली वं माय, सुटली. पाह्य, मी जितीजागती तुह्यासमोर बसून राहिली." असं म्हणून बायजाबाईनं तिचे दोन्ही हात धरून समोर ओढले आणि स्वतःच कणकेत दाबले. मग लोकांकडे वळली. विक्रम फोन काढत होता, त्याला तिनं हातानंच थांबवलं.

"सकाळी मी तुमाले लबाडी सांगतली," ती म्हणाली. "मी हिची मावशी-फावशी कोनी नाही. हे माही पोरगी आहे. अख्खं नागपूर हिले येते. हे येवढं एक येत नाही, ते मी येऊ देलं नाही म्हनून."

गार्गीनं डोळ्यांना रुमाल लावला. धूर फार झाला होता, असं ती नंतर विक्रमला म्हणाली. दीक्षा मान खाली घालून कणीक आपटत होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब परातीत पडत होते. बायजाबाई तिच्यावर ओरडली, "मीठ टाकलं आहे मी, तू नोको टाकू." तेव्हा सगळेच हसले, दीक्षासुद्धा.

पहिला गोळा मनगटापर्यंत येण्याआधीच तुटला. दुसरा खाली पडला. तिसरा कसाबसा कोपरापर्यंत आला. बायजाबाईनं मागून तिचे दंड धरले आणि दोघींनी मिळून तो मडक्यावर टाकला. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला भोक पडलेलं. कड लगेच करपली, मधे तशीच कच्ची राहिली. असली रोटी एरवी कुणी केली असती तर बायजाबाईनं त्या बाईला गल्लीतून उठवलं असतं.

तिनं ती मडक्यावरून सोडवली. गार्गीनं मोठ्या उत्साहानं हात पुढे केला. कॉलेजातली पोरंही सरसावली.

"हे नाही भेटत," बायजाबाई म्हणाली. "तुमच्यासाठी करतो मी मंग."

रोटीची घडी घालून ती चुलीपाशीच फतकल मारून बसली. सोबत रस्सा नाही, भाजी नाही, साधी चटणीही नाही. ती एकेक तुकडा तोडून सावकाश चावत राहिली आणि कच्चा भागही तिनं सोडला नाही. दीक्षा कणकेचे हात तसेच धरून तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. रामाजीनं हात पुढे केला, तर त्यालाही तिनं एक तुकडा दिला नाही.